साखळी फेरी

तालमीच्या मागच्या भिंतीवर इलाही पेंटरनं तक्ता आखला.
चार देश, चार रकाने:
सामने, गुण, मारलेले, खाल्लेले.
बाकीचं कोल्हापूर दोनच देशांत वाटलेलं,
चौकाचौकात तीस फुटी कटआउट,
खांबाखांबावर पिवळं नाहीतर आभाळी.
आम्ही मुद्दाम तिसराच धरला,
नकाशावर अंगठा ठेवला तर झाकला जाईल एवढा.
त्याचा झेंडा कुठं मिळेना,
म्हणून पांडू टेलरनं शिवला
आणि उलटा शिवला.
हे कळलं दुसरा सामना हरल्यावर.

मी शिरोलीत, फौंड्रीत, दुसऱ्या पाळीला.
सुटलो की पंचगंगेच्या पुलावर वारा,
कॉलरीत मोल्डिंगची वाळू,
तालमीत पोचेपर्यंत निम्मा सामना झालेला.
स्कोअर कुणी सांगत नाही.
तोंडं बघून ओळखायचा.

पहिला एक-एक. दुसरा शून्य-दोन.
इलाही म्हणाला, साखळीत बरं असतंय,
हरला तरी भिंतीवर नाव ऱ्हातंय.

तिसऱ्या रात्री मी पाळी बदलून घेतली.
दोन सामने, एकाच वेळी.
एक आमचा,
आणि एक दुसऱ्या दोघांचा, म्हणजे तोही आमचाच.
दोन टीव्ही लावले.
दुसरा अनसूयाकाकूंच्या घरचा, चादरीत गुंडाळून आणलेला,
तो चार सेकंद मागं चालायचा.

तेवढ्यात पलीकडच्या पेठेचा डीपी उडाला
आणि त्यांची पोरं आमच्या दारात.
गेल्या मोसमात ह्याच पोरांनी गॅलरीतनं दगड मारलेले,
आम्हीही काही फुलं नव्हती मारली.
सरका रं, कुणीतरी म्हणालं. सरकलो.

त्यांच्यात जोतिराम होता.
भिंतीला टेकला, सगळा भार डाव्या पायावर.
उजवा गुडघा मी मोडलेला.
शाहू स्टेडियम, एकोणीस वर्षं झाली,
सेंटर लाइनजवळ,
बॉल कधीच पुढं निघून गेला होता.
पंचांनी पिवळं दाखवलं, नुसतं पिवळं,
आणि आमच्या गॅलरीनं शिट्ट्या वाजवल्या.

आमचा सामना आम्ही काढला, दोन-एक.
दुसऱ्या टीव्हीवर त्यांचा देश तीन-एक पुढं,
अजून एक मारला असता तर आम्ही वर.
पण त्यांचं काम झालेलं.
शेवटची दहा मिनिटं ते बॉल नुसता फिरवत राहिले,
ह्याच्याकडनं त्याच्याकडं, त्याच्याकडनं गोलकीपरकडं,
आणि त्यांचीच पोरं आमच्या तालमीत उभी राहून
त्यांच्याच देशाला शिव्या घालत होती:
मार की लेका अजून एक, झोपलास व्हय!
चार सेकंद उशिरा संपलं तेही.

गुण सारखे.
गोलफरक सारखा.
मारलेले सारखे, खाल्लेले सारखे,
आपसातला सामना बरोबरीत.
सगळे इलाहीकडं बघायला लागले
जसा काही निकाल त्याच्या ब्रशात आहे.
मग टीव्हीवरचा माणूस म्हणाला, कार्डं मोजतात.
त्यांची चार. आमची पाच.
पाचवं पहिल्या सामन्यातलं,
गोल झाल्यावर जर्सी काढून नाचला त्याचं.
त्या रात्री आम्हीही शर्ट काढले होते.

इलाहीनं स्टूल ओढलं,
रात्री अडीच वाजता तक्त्याला आणखी एक रकाना जोडला
आणि वर लिहिलं: पिवळी.

जोतिराम बराच वेळ त्याच्याकडं बघत होता.
पिवळ्याचंबी मोजत्यात व्हय?
त्यानं मला विचारलं का भिंतीला, कळलं नाही.
मोजत्यात, मी म्हणालो.
एवढंच बोललो.

तो पायऱ्या उतरला,
एक पायरी, थांबून, दुसरी.
मी गाडी काढली. तो मागं बसला,
उजवा पाय वाकत नाही म्हणून बाहेर काढून,
त्यांच्या पेठेच्या कमानीपर्यंत.
तिथं अजून अंधारच होता.

सकाळी बाद फेरीसाठी भिंत पुसायची होती.
इलाहीनं चुन्याचा हात फिरवला.
चार रकाने गेले.
पाचवा ओला होता अजून, नुसताच पसरला,
आणि सगळी भिंत जराशी पिवळी झाली.