कितव्या गियरमध्ये

लोरिस घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला
दुसरीचा वास येतो.
जळकं रबर, नवं कातडं, तापलेलं लोखंड.
मी कॉफी ठेवते, विचारते, आज किती?
दोनशे चौऱ्याण्णव, म्हणतो,
आणि बिस्किट बुडवतो.

तिला अजून नाव नाही, रंगही नाही.
कुणी ओळखू नये म्हणून कारखान्यानं तिच्या अंगभर
काळेपांढरे पट्टे चिकटवलेत.
तिच्या किमतीत आमची अख्खी गल्ली येईल,
न्हाव्याच्या दुकानासकट.
नाव नसलेल्या सवतीशी भांडणार कसं?

आमच्या दारातली फिकट निळी आहे, चौदा वर्षांची.
मागची काच एकदा खाली गेली की वर येत नाही,
म्हणून आम्ही ती खाली करतच नाही.
सासऱ्यांच्या द्राक्षांचा रस कधीतरी सीटखाली सांडला,
तेव्हापासून ऊन तापलं की
ती जरा झिंगलेली असते.
डिकीत माझ्या फरशा.
मी सास्सुओलोला फरशीच्या कारखान्यात डाग शोधते,
भट्टीतून आलेली प्रत्येक फरशी दिव्याखाली,
अडीच सेकंद.

दुसरीवर तो रोज बारा पानं लिहितो.
स्टिअरिंग बोलतं, पण ओल्या रस्त्यावर पुटपुटतं.
ब्रेकला पायाचं म्हणणं जरा उशिरा कळतं.
चौथ्या वळणावर मागची बाजू हट्टाला पेटते.
माझ्यावर कधी बारा ओळी लिहिल्यास का,
मी एकदा भांडणात विचारलं.
तुझ्यात लिहिण्यासारखा दोष नाही, म्हणाला.
खोटारडा.

सप्टेंबरात कारखान्यात घरच्यांचा दिवस होता.
लिंबूपाणी, भाषणं,
आणि प्रत्येक बायकोला एक फेरी.
त्यानं माझा पट्टा स्वतः आवळला,
लेकराच्या कुंचीची नाडी बांधावी तसा.
मला वाटलं होतं, घाबरेन.
पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले.
ती वळत नव्हतीच,
रस्ताच तिच्यासाठी अंग चोरून बाजूला होत होता.
मी हसले.
आमच्या लग्नाच्या फोटोत मी एवढी हसलेली नाही,
काल काढून पाहिला.

परतताना निळी पहिल्या सिग्नलला बंद पडली.
मागचा ट्रकवाला माझ्या आईबद्दल काहीतरी बोलला.
लोरिसनं किल्ली फिरवता फिरवता विचारलं,
कशी वाटली?
पर्स ठेवायला जागा नाही, मी म्हटलं.

मंगळवारी माझी पाळी पावणेबाराला सुटली.
घराकडे वळायचं तिथे मी वळले नाही.
डोंगराकडे जाणारा रस्ता रिकामा होता,
चेस्टनटच्या फळांचा सडा पडलेला,
चाकांखाली फुटत होती.
देवळाच्या वरचं वळण आलं, ते बैलाच्या शिंगासारखं,
आणि मी पाय काढला नाही.
एकसष्ट.
एकसष्टला ती दुसरी जांभई देते.
पण निळी पुरती कलली,
होतं नव्हतं ते सगळं तिनं लावलं,
टायर किंचाळले, फरशा धाडकन एका अंगाला गेल्या,
काटा थरथरला,
आणि पोट मागे राहिलं.
तिच्यात राहिलं होतं तितकंच.
उगाच म्हणत नाही, कणभर फरक हेरायचाच पगार घेते मी.

वर पोचल्यावर इंजिन बंद केलं.
खाली साऱ्या भट्ट्यांचे दिवे.
एक फरशी फुटली होती. निर्दोष होती ती.

सकाळी लोरिस कामावर निघाला आणि अंगणात थांबला.
पुढच्या टायरपाशी उकिडवा बसला,
कडेवरून अंगठा फिरवला, नाकाला लावला.
मी खिडकीत, हातात भिजलेलं फडकं.
आता विचारेल कुठे, कधी, कशासाठी, कुणाबरोबर.

वर न बघताच म्हणाला,
कितव्या गियरमध्ये?

तिसऱ्या.

हं, म्हणाला. दुसरा हवा होता.