तिसरी फेरी

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. रात्रीचा दीड.
रॅमच्या दोन पट्ट्या, सोळा-सोळाच्या,
साध्या काळ्या. वाशीचा पाष्टे म्हणाला होता,
"दिवेवाल्या घेशील तर उजेडाचे बाराशे जास्त,
वेग तोच."

कॅबिनेट उघडंच. तपासणी चालू:
यंत्र एक आकडा ठेवायला देतं, परत मागतं,
मग उलटा करून देतं, परत मागतं.
बाकी काही नाही.
ठेवलेलं तसंच मिळावं, एवढंच.

पहिली फेरी स्वच्छ.
दुसरीत मी मॅगी केली.
तिसरीत, सत्तेचाळीस टक्क्यांवर,
लाल ओळ.
एकच बिट. शून्य ठेवलेलं, तिथं एक.

ओजस जांभई देत म्हणाला,
"एवढ्यानं काय होतंय? गेम चालेल."

चालेलही.
माझ्याकडून नेलेले साडेचार हजार
तो तीन म्हणतो,
तेही चाललंयच की दिवाळीपासून.

तो घरी गेला. मी एकेक पट्टी लावून पुन्हा बसलो.
पहाटे पाचला सापडली.
खाच बदलली तरी तीच चुकते, त्याच जागी.
स्टिकरवर मार्करनं बारीक फुली मारली,
बिलाला रबर लावून ठेवली,

आणि ओजसला मेसेज टाकला:
साडेचार.