ऐरण विरुद्ध कोझ्लिक

मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला
यंगस्टाउनच्या डायलिसिस केंद्रात
खुर्ची क्रमांक चार आणि खुर्ची क्रमांक पाच
दोन मेलेल्या माणसांची झुंज लावतात.

सुया मी टोचते. नळ्या मी जोडते.
मशीन घुमायला लागलं
की ॲम्ब्रोज टॉलिव्हर घसा खाकरतो :
"हं, तर गेल्या वेळी कुठल्या फेरीत होतो आपण?"

पाचमधला स्टेफान ह्राबोव्स्की,
तीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून भुवया गमावलेला,
टॅड कोझ्लिकच्या बाजूचा.
कोझ्लिक बावन्न सालचा. डावखुरा.
रोलिंग मिलची पाळी संपवून
अंगावरच्या घामासकट रिंगणात उतरणारा.
"त्याचा डावा यायचा तो दिसायचाच नाही रे.
आधी दात पडायचा, मग आवाज यायचा."

ॲम्ब्रोजचा गडी चौऱ्याहत्तरचा :
विल्मर ग्रेव्ह्ज. गावाने नाव ठेवलं, ऐरण.
"मारू दे की तुझ्या कोझ्लिकला.
आठ फेऱ्या मारू दे. खांदे त्याचेच भरून येतील.
घण झिजतो, बाबा.
ऐरण जागची हलत नाही."

पैज बर्फाच्या खड्यांची.
ज्यांना दिवसाला चार कप पाणी मोजून मिळतं
त्यांनी सहा खडे लावायचे
म्हणजे घरदार लावल्यासारखंच.

वजनं निघतात. एकशे अठ्ठ्याऐंशी पौंड, दोनशे अकरा पौंड.
"पण तेव्हाचे हातमोजे केवढेसे!"
"आणि तेव्हाची पोरं उपाशी!"
मग पंच कोण, यावर अर्धा तास.
तोवर रक्त एका नळीतून जातं,
दुसरीतून धुऊन परत येतं.

माझ्या बिल्ल्यावर नवऱ्याचं आडनाव आहे.
त्यांना माहीत नाही, मी सांगितलेलं नाही,
की ऐरणीच्या शर्टाची बटणं
शेवटची सहा वर्षं मी लावत होते.
की चमचा तोंडाकडे नेताना
त्याचा हात वाटेत कुणाशी तरी लढून यायचा
आणि सूप टेबलावर.
की फोन वाजला
की तो ताडकन उभा, हनुवटी छातीशी, मुठी वर,
आणि आई पलीकडच्या खोलीतून म्हणायची,
"विल्मर, फोन आहे. नुसता फोन."

आज दहाव्या फेरीपर्यंत पोचले. बरोबरीत.
स्टेफानचा रक्तदाब घसरला,
मी खुर्ची मागे पाडली, पाय वर केले,
तरी उलटा पडल्या पडल्या तो बरगड्यांवरचे ठोसे मोजतोय.
"हिला विचारू," ॲम्ब्रोज म्हणाला.
"हिचं कुणाशी देणंघेणं नाही. सांग पोरी, कोण?"

मी चिकटपट्टी फाडत होते.
"कोझ्लिक," म्हटलं. "दुसऱ्या फेरीनंतर.
घंटा होते, आणि ग्रेव्ह्ज स्टुलावरून उठतच नाही.
दमला म्हणून नाही. लागलं म्हणूनही नाही.
मॅनेजर कानाशी ओरडतोय, लोक कागदी पेले फेकतायत,
आणि तो आपला बसून
हातमोज्याची नाडी दातांनी सोडतोय."

दोघे गप्प.
मग ॲम्ब्रोज असा भडकला की मशीनने शिट्टी घातली.
"तू पाहिलेलं नाहीस त्याला!
चव्वेचाळीस लढती. एकदा, एकदाही
तो स्टुलावर बसून राहिला नाही!"
स्टेफाननेही मान हलवली, स्वतःचा फायदा असून :
"तसं नको. असला विजय मला नको."

"माहीत आहे," मी म्हटलं.
ॲम्ब्रोजची सुई काढली, बोळा ठेवला,
त्याचंच बोट उचलून त्यावर ठेवलं.
"दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये सोडू नका."

दोन्ही पेल्यांतल्या खड्यांचं पाणी झालं होतं.
ते मोजून मी तक्त्यात लिहिलं.