दोन तोळे

धुपदाळच्या बंधाऱ्याखाली
दस्तगीरनं वाळत घातलेल्या जाळ्यात
सकाळी टिलवा अडकला.
पायात कडं, कड्यावर अक्षरं,
ना कानडी, ना आपली.

'याव ऊर निंदु?' दस्तगीरनं विचारलं.
पाखरू नुसतं धपापत राहिलं,
मुठीत घड्याळ चालावं तसं.

मी पाण्याची पातळी लिहिणारा माणूस,
मोजल्याशिवाय चैन पडत नाही.
रुमालात गुंडाळून, सायकल मारत
घटप्रभेत विरूपाक्ष पोतदारांकडं नेलं.
त्यांनी पारड्यातली धूळ फुंकली.
'दोन तोळ्यांना गुंजभर कमी.
घडणावळ धरायची की?'

दोन तोळे.
एवढ्या ऐवजावर निघालं होतं हे,
जिथं उन्हाळाभर दिवस मावळत नाही
आणि जमीन हातभर खाली गोठलेलीच असते
तिथून.

पक्षी मोजायला येणाऱ्या दड्डीकर बाई सांगतात,
तिकडं बर्फ आता लवकर सुटतं.
किडे आधीच उठून जातात,
आणि पंगत उठल्यावर पाहुणे यावेत
तशी पिल्लं अंड्यातनं बाहेर येतात.

परत आणून चिखलात सोडलं.
बंधाऱ्यावरच्या पाटीला रात्री कुणीतरी
पुन्हा डांबर फासलं होतं.
त्या काळ्या पाटीच्या सावलीत
त्यानं पिसं नीट केली, जराशी उगाच,
मग दोनशेजणांत शिरलं
आणि मला ओळखू येईना.

वहीत पातळी लिहिली. वेळ. वारा ईशान्येचा.
शेऱ्याच्या रकान्यात बरंच थांबून:
दोन तोळे.
एप्रिलपर्यंत.