भूगोलाचा किडा

फॉर्मवर प्रश्न होता: गेल्या तीन महिन्यांत
प्रवास केला होता का?
मी 'नाही'वर खूण केली.
खोटं नव्हतं ते.
आचऱ्याला गेले होते, पण आचऱ्याला जाण्याला
प्रवास कोण म्हणतं.

ग्रिम्सबीच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टर, हॅरिएट,
माझा डावा पाय हातात घेऊन
बराच वेळ बघत राहिली.
घोट्याखाली एक लाल रेघ,
कुणी झोपेत ओढल्यासारखी.
एक्झिमा असावा, ती म्हणाली. बाहेर जानेवारी होता,
सगळ्यांचीच कातडी फुटलेली.
तिने मलम दिलं. मी आभार मानले.

रेघ वाढली.

रात्री दोनला खाज उठायची.
हीटर बंद, मोजा अर्धा उतरवलेला,
मी बॉलपेनने रेघेच्या टोकाशी टिंब द्यायचे
आणि बाजूला तारीख.
सकाळी टिंब मागे पडलेलं,
रेघ पुढे, कधी नखाएवढी,
कधी वळून स्वतःकडेच आलेली,
बाजारातून निघाल्यावर
काहीतरी विसरलं म्हणून परतणाऱ्या माणसासारखी.
सात तारखा झाल्या पायावर.
नवरा म्हणाला, दूधवाल्याचा हिशेब आहे का हा?

हसू येतं ते याचं की माझी नोकरीच ही.
गोदीजवळच्या कारखान्यात
काचेच्या टेबलाखाली दिवा असतो,
वर कॉडचे तुकडे ठेवायचे एकेक.
पांढऱ्या मांसातून उजेड वर येतो
आणि जिथे सावलीचा दोरा दिसेल, गुंडाळलेला,
तिथे चिमटा.
नऊ वर्षं मी जंत वेचते.
हिच्या हातून एकही सुटत नाही,
सुपरवायझर पाहुण्यांना सांगतो.

शेवटी ओळखला तो लुसिनेयाने.
शिफ्ट संपल्यावर, बूट बदलायच्या खोलीत,
माझा पाय बाकावर, टिंबं, तारखा,
आणि ती ओरडलीच, जशी कुणी गाववाला भेटावा.
ब्राझीलमध्ये तिच्या किनाऱ्यावर पोरांना होतो,
त्याला म्हणतात भूगोलाचा किडा,
नकाशे काढत फिरतो म्हणून.
वाळू? तिने विचारलं. अनवाणी? कुत्रा?

बोंबील म्हणजे माझ्या भावाचा, दिगूचा कुत्रा.
बोंबलाइतकाच रुंद.
शेवटच्या संध्याकाळी होडीच्या सावलीत
तो आणि मी बसलो होतो,
माझ्या चपला आधीच बॅगेत बांधलेल्या,
पाय ओल्या वाळूत घोट्यापर्यंत.
दिगू जाळं सांधत होता. बोलत कुणीच नव्हतं.
तेव्हाच कधीतरी.

दुसऱ्या खेपेला हॅरिएटने वाचून ठेवलं होतं.
हा कुत्र्याचा, ती म्हणाली, चुकून तुमच्यात आला.
माणसाच्या कातडीत वरच्या थरातच अडकतो,
खाली उतरायची किल्ली नसते त्याच्याकडे.
आत जाता येत नाही, मागे फिरता येत नाही,
म्हणून चालत राहतो.
काही आठवड्यांनी आपोआप थांबतोही.
पण गोळ्या घ्या.
मग स्क्रीनकडे बघत: तुम्ही प्रवास 'नाही' लिहिलं होतं.
घरी गेले होते, मी म्हटलं.
तिने मान हलवली आणि काहीतरी टाइप केलं.
काय, ते मला दिसलं नाही.

रात्री दिगूला फोन लावला.
बोंबलाला जंताची गोळी दे.
"तेका?" तो हसला. "तो गोळी खातलो?
बांगड्याच्या पोटात घालून दिली तरच."
जरा थांबला. मागे गाज ऐकू येत होती.
"आणि तुका कशातसून दिली?"

पाण्यातून, मी म्हटलं.
फोन ठेवून शेवटचं टिंब दिलं.
तिसऱ्या सकाळी
रेघ टिंबापाशीच होती.
मी मोजा चढवला, सहाची शिफ्ट होती.