नरसम्मा एक ओळ मागे

हंचाटे सरांनी माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाला
तांबड्या पेन्सिलीनं कुंपण घातलं.
"जुनी इंग्रजी गाणी. बरं.
पण ही असली?
विद्यापीठ आहे बाई, शिमगा नाही."

प्रकरण पिशवीत कोंबून
मी विडी घरकुलात उतरले.
ओट्यावर आई, अंबूबाई येमूल आणि नरसम्मा,
मांडीवर सुपं, सुपात तंबाखू,
पत्र्याच्या साच्यावर पानं कापत, वळत, दोरा मारत.
आईनं बोटं न थांबवता विचारलं,
"सगळीच छाट निघाली का गं?"

छाट म्हणजे कारखान्यातला चेकर
जी विडी अंगठ्यानं बाजूला सारतो ती.
पाला आपला, दोरा आपला, दिवस आपला,
मजुरी नाही.

मग मी सांगितलं त्यांना लंडनचं.
साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, कोळशाच्या धुराचं.
पुलावर एका पेनीला एक कागद विकायचे,
वर लाकडी ठशाचं चित्र,
तीच बाई कधी राणी, कधी कोळीण, कधी पळून गेलेली नवरी.
सूर छापलेला नसायचाच.
"अमक्या चालीवर म्हणा" एवढंच.
चाल सगळ्यांना येतेय हे धरलेलं.
अचकट शब्दाच्या जागी नुसती रेघ.
"रेघ कशाला?" अंबूबाई म्हणाली,
"रेघ बघूनच तर कळतं."

आणि दारूच्या गुत्त्यात तिघं बसायचे.
एकानं ओळ सुरू करायची,
दुसऱ्यानं थोड्या वेळानं, तिसऱ्यानं आणखी उशिरा.
मध्ये श्वास सोडलेला, रिकामी जागा ठेवलेली.
त्याला ते कॅच म्हणायचे. झेल.
"म्हणून दाखव," आई म्हणाली.
त्यांचं मराठीत येईना,
म्हणून त्याच घाटाचं एक मी तिथंच जुळवलं:

*बायको माझी … … बसते भजनाला*
*लोहाराच्या … … भात्यात वारा*
*मांडीवर … … मांजर म्हातारीच्या*

"यात काय आहे?" आई म्हणाली. "देवाधर्माचं दिसतंय."
आणि गुणगुणत पुढचं पान उचललं.
अंबूबाईनं दुसरी ओळ घेतली, गंमत म्हणून.
नरसम्माला उजव्या कानानं ऐकू येत नाही,
डाव्यानं येतं ते दमानं.
तिनं तिसरी उचलली, नेहमीसारखी उशिरा,
सगळ्यांच्या मागं,
लग्नातही टाळ्या संपल्यावर टाळी वाजवते तशी.

एक फेरा झाला. काही नाही.
दुसऱ्या फेऱ्याला ओळी एकमेकींच्या
फटींत जाऊन बसल्या,
आणि ओट्यावर लख्ख ऐकू आलं:

बायको माझी —
लोहाराच्या —
मांडीवर —
बसते —

आईचा दोरा तुटला.
अंबूबाईनं पदर तोंडात घातला, तरी हसू नाकातून आलं,
तंबाखू उडाला, तिघीचौघी शिंकायला लागल्या,
समोरच्या ओट्यावरच्या बायका उठून आल्या.
तेलुगूत केलं तेव्हा लोहाराचा सोनार झाला
आणि मांडीचं जे झालं
ते मी पाचव्या प्रकरणातसुद्धा लिहिणार नाही.

आई हसत होती.
बाबा गेल्यापासून आठ वर्षांत
मी तिचे मागचे दात पाहिले नव्हते.

सर, आता तांबडी पेन्सिल कुठं ठेवाल?
आई भजनाचं म्हणाली.
अंबूबाई भात्याचं.
नरसम्मा बिचारी मांजराचं.
वाईट असं कुणीच काही बोललं नाही.
ते तिघींच्या मधे होतं,
जिथं कुणाचंच तोंड नव्हतं.

संध्याकाळी हजाराला चाळीस कमी भरल्या.
आई म्हणाली, "जाऊ दे."
हेही मी पहिल्यांदाच ऐकलं.

नरसम्मा मात्र प्रत्येकीला विचारत राहिली,
"काय झालं? का हसल्या?"
कुणाला धड सांगता येईना.
एकटीनं सांगायला गेलं
की ते परत भजन व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी,
नळाला पाणी यायच्या आधी,
मी चहा गाळत होते.
ओट्यावर कुणीच नव्हतं,
नरसम्मा तेवढी सूप पुसत बसलेली.
तिचा हात थांबला.
मान जरा वाकडी झाली, डावा कान वर.
आणि मग ती हसायला लागली,
एकटीच, मोठ्यानं,
रात्रभर चालत येऊन आत्ता पोचल्यासारखी.