भाता

वरून कागद आला :
'परिचारिकांचा मानसिक थकवा कमी करण्याकरिता संगीत.'
विषय, संदर्भ, दोन छायाचित्रांसह अहवाल सादर करावा.
ड्युटीरूममध्ये स्पीकर बसला.
त्यातून बासरी यायची, पाण्याचा आवाज,
कुठल्या तरी डोंगरातली पाखरं.
आम्ही वेंगुर्ल्याच्या बंदरापासून हाकेवर राहणाऱ्या,
आम्हाला डबीतलं पाणी ऐकवत होते.
तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्याचा प्लग काढून
तिथं नेब्युलायझर लावला,
नि तो तसाच राहिला.

थकवा म्हणजे काय, ते कागदात नव्हतं.
बारा नंबरचा म्हातारा गेला
आणि माझ्या मनात पहिलं आलं ते :
चला, एक खाट रिकामी झाली.
हे रिपोर्टबुकात बसत नाही.

पेटी लिननच्या खोलीत होती,
फाटक्या चादरींच्या गठ्ठ्याखाली.
नोंद अशी : 'बेवारस सामान. पेटी एक. चंची एक.
चपलांचा जोड, डावी तुटकी.'
दशावतारात वाजवायचा तो माणूस.
ऐन जत्रांच्या दिवसांत दाखल झाला.
रात्रभर चादरीवर बोटं चालायची त्याची.
मी लिहिलं होतं, माझंच अक्षर आहे :
'रुग्ण अस्वस्थ. चादर चाचपतो.'

नाईट संपवून सकाळी सव्वाआठला
फिलोमिनानं ती उघडली.
तिच्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज.
म्हणाली, "वाजवूक येता माका,
भातो तेवढो तू मार गो."

हात भात्यावर ठेवला
आणि हाताला ओळख पटली.
दाब, सोड. दाब, सोड.
असाच दाबला होता रबरी फुगा
गणपतीच्या आदल्या आठवड्यात,
बांबोळीला निघालेल्या गाडीत.
एकोणीस वर्षांचा खलाशी, पापण्यांत वाळू.
आरवली गेली, शिरोडा गेलं,
आरोंद्याच्या पुलावर डॉक्टरांनी
माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला.
मी दाबतच होते.
नंतरही, भाकरी थापताना,
पोराची वेणी घालताना, झोपेत,
आत कुठंतरी तो हात चालूच असावा.

इथं दाबला,
आणि पलीकडून आवाज आला.

फिलोमिना चर्चमधलं वाजवत होती
की आठवेल तसं काहीतरी, तिलाच ठाऊक.
दोन पट्ट्या मुक्या.
तिथं पोचली की नुसती हवा फुसफुसायची,
मेस्त्रीण आया त्या जागी "हं" म्हणायची,
न चुकता, चादरींच्या घड्या घालता घालता.
दहा मिनिटं असतील.
रडबिड काही नाही.
काखेत घाम आला आणि भूक लागली.
मेस्त्रिणीच्या डब्यातले थंड घावणे
चटणीशिवाय खाल्ले, तीन.
मग खिशातली चावी सापडेना,
तिच्यावरून हसलो, उगाचच, फार वेळ.

अहवालात काय लिहू?
स्पीकर सुस्थितीत आहे.
रिक्त पदं दोन, ती दोनच.
रात्री एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एकतीस माणसं,
हेही तसंच.
छायाचित्र काढायचं राहिलं.

काल सहा नंबरची आजी
अंधारात बोटं हलवत होती चादरीवर.
पेन उघडलं, 'रुग्ण' इतकं लिहिलं,
आणि थांबले. विचारलं,
"आज्ये, काय वाजवतंस गो?"
"वाजवतंय खंय? वळेसर करतंय," ती म्हणाली,
"अबोलेचो. दोरो खंय पडलो बघ."

खाटेखाली वाकून बघितलं मी, खरंच बघितलं.
मग ट्रेमधल्या बँडेजचा
एक लांब धागा ओढून काढला
आणि तिच्या बोटांत दिला.